महालक्ष्मीची सुट्टी नामंजूर, आरतीला हजेरी सक्तीची

खापरी_नाका | शुक्रवार, रात्री १.१०

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत बॅक-ऑफिसला आहे. नाव सांगणार नाही, विचारूही नका. अमेरिकेतल्या क्लायंटचं काम. कागदावर दुपारी दोन ते रात्री अकरा. प्रत्यक्षात तिकडचे साहेब दुपारचं जेवून परत येईपर्यंत इकडे कोणी खुर्ची सोडत नाही, आणि कॅब मिळता मिळता साडेबारा होतात.

आमच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, असतात. जेवणाच्या दिवसाची रजा मी बरीच आधी टाकली होती. उत्तर आलं, मंथ-एंड आहे, काम 'क्रिटिकल' आहे, नामंजूर. ठीक आहे, नोकरी आहे, चालायचंच. पण त्याच आठवड्यात लॉबीत गणपती बसला आणि सगळ्यांना मेल आला: चार वाजता आरती, पारंपरिक पोशाख, उपस्थिती 'अपेक्षित'. अपेक्षित म्हणजे काय ते लिफ्टपाशी कळलं. एचआरची मुलगी टॅबलेट घेऊन उभी, प्रत्येकाचं आयकार्ड स्कॅन.

आरतीचे शब्द मोठ्या स्क्रीनवर येणार होते. पहिलं कडवं झालं आणि स्क्रीन अडकली. दुसऱ्या कडव्याला दीडशे लोक गप्प. नुसत्या टाळ्या. कोणाला तरी आठवलं की गेटवरच्या गार्डकाकांना सगळं येतं, म्हणून त्यांना बोलावलं. काकांनी डोळे मिटून, खड्या आवाजात, एकही शब्द न गाळता सगळ्या आरत्या म्हटल्या. शेवटच्या लोटांगणापर्यंत. तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांची आरती हुकली म्हणून नवा कापूर लावून ती पुन्हा घेतली, तोवर स्क्रीनही सुरू झाली होती. फोटोवाला म्हणाला, युनिफॉर्मवाले मागे व्हा, थीममध्ये बसत नाही. काका परत गेटवर. बारा तासांची ड्युटी, ठेकेदाराचा माणूस, आठवड्याची सुट्टी मागितली तर दुसरा बघतो म्हणतात.

संध्याकाळी फोटो कंपनीच्या पानावर झळकले, खाली 'आमची संस्कृती, आमचं कुटुंब' वगैरे. आणि रात्री टीम लीडचा मेसेज: आरतीचा वेळ प्रॉडक्टिव्ह धरता येणार नाही, प्रत्येकाने शिफ्टच्या शेवटी भरून द्यावा.

आरतीला माझा विरोध नाही, मी रोज देवाला दिवा लावणारा माणूस आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ही भक्ती कोणाच्या वेळेतून झाली? कंपनीचं त्यात काय गेलं? ज्याला खरंच काही करायचं होतं त्याला रजा नाही आणि ज्याला काही पडलेली नाही त्याला कुर्ता घालून उभं केलं. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा.


तर्री_पोहे | शुक्रवार, सकाळी ८.०२

म्हणजे बाप्पालाही टाइमशीट भरायला लावली. एक साहेब २०२३ मध्ये आठवड्याला सत्तर तास म्हणाले, दुसरे २०२५ मध्ये नव्वद. आरतीचे तास त्यात धरलेत की वर, तेवढं एचआरला विचारून सांगा.


बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट | शुक्रवार, सकाळी ८.४०

भाऊ, तुमचं बरं हाये, तुमची तं अर्ध्या तासाची गोष्ट. आमच्या इथं खांडेनवमीले मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी आम्हीच मशीन पुसाची, ग्रीस काढाचं, हळदकुंकू लावाचं, झेंडूची माळ घालाची. त्या दिवशी आमच्या बापाच्या काळात मशीनले हात लावत नसत. अवजाराचा दिवस हाये तो, त्याले आराम. आता काय होते? नऊ वाजता पूजा, साडेनऊले मालकाचा फोटो, पावणेदहाले माळ बाजूले करून मशीन चालू. टार्गेट तेवढंच. मागच्या साली प्रेसवर माळ तशीच राहून गेली तं सुपरवायझर वरडला का सेन्सरमंधी फूल अडकन म्हणून.

पोळ्याचं पाहा. गावाकडं आदल्या रात्री बैलाचे खांदे शेकतेत, हळद-लोणी लावतेत, अन् त्याच्या कानात सांगतेत, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवणाऱ्याले गाव शिव्या घालते. मी बुटीबोरीत लागलो तवापासून पोळ्याले घरी गेलो नाई. बैलाले सुट्टी हाये, मले नाई.

अन् वरून सप्टेंबर २०२५ मंधी मंत्रिमंडळानं कारखान्यात नवाचे बारा तास कराले मंजुरी देल्ली. आमच्या इथं ते अगोदरच चालू होतं, आता फकस्त कागद भेटला.


हिंगणा_लेथ | शुक्रवार, सकाळी ११.२५

मी मालक आहे, छोटा. एमआयडीसीत शेड, कामगार वीसच्या आत. इथे मालक म्हटलं की शिव्या पडतात हे माहीत आहे, तरी लिहितो.

माझ्या वडिलांनी एका जुन्या लेथवर काम सुरू केलं. दसऱ्याला त्या लेथपुढे ते नारळ फोडायचे आणि खरंच दिवसभर शटर बंद. ती पूजा आजही मी करतो आणि ती फोटोसाठी नसते. पण शटर बंद ठेवता येत नाही. का, ते ऐका. माझा माल एका मोठ्या कंपनीला जातो. त्यांचा डिस्पॅच चुकला की दंड माझ्या बिलातून कापतात. आणि बिल? कायद्याने लघुउद्योगाला पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. मला नव्वद दिवसांच्या आत मिळाले तर मी टेकडीच्या गणपतीला पेढे ठेवतो. तक्रार केली तर पुढची ऑर्डर नाही. तोवर पगार कर्ज काढून द्यायचे.

तेव्हा सुट्टी कोण खातो हे बघायचं असेल तर माझ्या शेडवर थांबू नका, वर बघत जा. त्या मोठ्या कंपनीच्या लॉबीतही गणपती बसतो, आम्हा व्हेंडरांना आमंत्रण असतं. मीही जातो. न जाऊन सांगतो कोणाला?


तर्री_पोहे | शुक्रवार, सकाळी ११.३१

म्हणजे तुम्हीपण कुर्ता घालून उभे. छान.


हिंगणा_लेथ | शुक्रवार, सकाळी ११.४०

हो, आणि माझं स्कॅनिंग नाही होत, माझं पर्चेस मॅनेजर डोळ्यानेच करतो.


धरमपेठची_सून | शुक्रवार, दुपारी २.१५

खापरी भाऊ, सगळं पटलं. एक विचारू? रजा मिळाली असती तर तुम्ही त्या दिवशी काय केलं असतं?

आमच्याकडेही महालक्ष्म्या आहेत. मी बँकेत आहे, त्यामुळे कामाचे तास मलाही कळतात. जेवणाच्या दिवशी पहाटे चारला उठायचं. सोळा भाज्या निवडून चिरून एकत्र, आंबील, पुरण, कढी, भजी, वडे, खीर, चटण्या, त्यात फुलोरा आदल्या दिवशीच तळून झालेला. सोवळ्यातलं म्हणून कामवालीचा हात नाही. चाळीस-पन्नास पानं वाढायची. पुरुष मंडळी काय करतात? मखराची लाइटिंग. आणि ती लाइटिंग अशी जोरात केली जाते की दिवसभर सगळे आले-गेले तिचंच कौतुक करतात. आमच्या कॉलनीत तर आता महालक्ष्मी सजावट स्पर्धा आहे, परीक्षक येतात, बक्षीस कुकर. गेल्या वर्षी एका घरी परीक्षक येईपर्यंत नैवेद्य दाखवला नव्हता, कारण फोटोत ताट भरलेलं दिसायला हवं.

कंपनीने केलं तर दिखावा आणि घरात केलं तर परंपरा, असं कसं? फुकटचा ओव्हरटाइम दोन्हीकडे आहे. कंपनी निदान पगार देते.

सासूबाईंबद्दल मात्र लिहायलाच हवं. त्यांची श्रद्धा खरी आहे. मुखवटे बसवताना त्यांचे हात थरथरतात, आणि त्या क्षणी मला कोणी हलवलं तरी मी तिथून हलणार नाही. पण त्याच सासूबाई दोन वर्षांपूर्वी म्हणाल्या, पाठ साथ देत नाही, फुलोऱ्यातले चार पदार्थ कमी करू, देवीला कळतं. विरोध कोणी केला असेल? सासऱ्यांनी. लोक काय म्हणतील म्हणून.


खापरी_नाका | शुक्रवार, दुपारी २.५०

ताई, पुरणयंत्र फिरवायचं काम माझ्याकडे असतं आणि पानं उचलायचंही. पण पहाटे चारला आईच उठते, हे खरं. उरलेलं रात्री लिहितो, ब्रेक संपला.


जुनी_इतवारी | शुक्रवार, सायंकाळी ६.३०

वाचतोय मघापासून. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला, होते, तेव्हा थोडं मागचं सांगतो. तरुणांना कंटाळा आला तर पुढे जा.

एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून टाटांनी गिरणीला ते नाव दिलं. आणि त्याच साली त्या गिरणीत विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद पाडलं. देशातल्या पहिल्या नोंदलेल्या गिरणी संपांत त्याची गणना होते. म्हणजे राणीच्या नावाची गिरणी आणि वर्षाच्या आत संप. नागपूरचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे म्हणा ना. मालक वाईट होते असंही नाही, याच गिरणीत १८८६ ला पेन्शन फंड सुरू झाला, जेव्हा आपल्याकडे तसा कायदाच नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या. आता तिथे मॉल आणि फ्लॅट आहेत, जुन्या लोकांना अजून भोंग्याची वेळ पाठ आहे.

पण मला सांगायचं होतं ते रविवारचं. आपण रविवार साहेबाने दिला असं समजतो. इंग्रज अधिकाऱ्यांना चर्चसाठी तो होताच, गिरणी कामगाराला नव्हता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. आणि त्यांचा एक मुद्दा काय होता? रविवार हा खंडोबाचा वार आहे, आमच्या माणसाला त्या दिवशी देवाचं करायला आणि समाजाचं काम करायला वेळ हवा. मालकांनी १० जून १८९० ला ती मागणी मान्य केली.

बघा गंमत. सत्यशोधक माणूस, भटजीशाहीवर आसूड ओढणाऱ्या परंपरेतला, आणि कामगाराला विश्रांती मिळवून देताना खंडोबाला साक्षीला बोलावतो. त्यात ढोंग नव्हतं. कारण त्या देवाच्या नावाने त्यांनी कामगाराच्या पदरात एक दिवस टाकला. खापरीभाऊंच्या लॉबीत देवाच्या नावाने अर्धा तास काढून घेतला. माझ्या मते फरक इथे आहे, पोशाखात नाही आणि फोटोतही नाही. उद्या तुमच्या कंपनीने फोटो काढून, पानावर टाकून, ढोल वाजवून का होईना पण महालक्ष्मीची भरपगारी सुट्टी दिली, तर मी त्या ढोंगाला नमस्कार करीन.


रिझर्व्ह_बँक_चौक | शुक्रवार, रात्री ९.०५

इतवारी काका, लोखंड्यांचं उत्तम सांगितलंत. पण गोष्ट अर्धी राहिली. देवाच्या नावाने दिवस मिळाला तसा देवाच्या नावानेच माणूस गप्पही बसवला गेला. तू या जन्मी राबतोस ते मागच्या जन्मीचं, हे सांगून फुकट काम करून घेतलेलं आहे या देशात, काही पिढ्या नव्हे तर शतकं.

बाबासाहेब फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बोलले, तेव्हा त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही एका दमात. तेव्हाच्या पुढाऱ्यांना एकेकटा शत्रू सोयीचा होता. गिरणीत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, का, तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि बाटतो. म्हणजे जास्त पगाराचं खातं धर्माच्या नावाने बंद. आता सांगा, ते श्रद्धेचं होतं की पगाराचं?

पुढे १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आठ तासांची मागणी १९४२ च्या श्रम परिषदेत पुढे आली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. बुटीबोरीवाल्या भावाच्या नवाचे बारा होताना हा हिशोब डोक्यात असू द्या.

आणि ढोंग आमच्यात नाही असं नाही. दीक्षाभूमीवर दरवर्षी बघतो. चौकाचौकात शुभेच्छुकांचे फ्लेक्स, बाबासाहेबांचा फोटो लहान आणि साहेबांचा मोठा. त्याच गर्दीत कुठल्यातरी खेड्यातून पॅसेंजरने, उभ्याने आलेली म्हातारी असते. पांढरं लुगडं, फडक्यात भाकरी बांधलेली. स्तूपापुढे डोकं टेकते आणि मग पुस्तकांच्या स्टॉलवर जाते. स्वतःला वाचता येत नाही, नातवासाठी घेते. मी स्टॉलवर बसतो. पुस्तक हातात घेतल्यावर ती किंमत विचारत नाही, आधी विचारते, 'यात बाबाचंच लिहिलेलं हाये ना?' तिचा आदल्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, दुसऱ्या दिवसाचाही बुडणार असतो. फ्लेक्सवाल्याचं त्या दिवशी काय बुडतं?

गाडगेबाबा कीर्तनाआधी स्वतः गाव झाडायचे आणि पायाला हात लावू द्यायचे नाहीत. आता झाडूचा फोटो आधी निघतो, रस्ता कॉर्पोरेशनचा सफाई कामगार नंतर झाडतो. ठेक्यावर.


मोमिनपुरा_लूम | शुक्रवार, रात्री १०.२०

सगळ्यांना सलाम. आमचंही ऐका.

मी एका गोदामात हिशोबाला आहे. जुम्म्याची नमाज, मशीद पाच मिनिटांवर, येणं-जाणं धरून अर्धा तास. माझा जेवणाचा ब्रेक मी त्यात घालतो, म्हणजे कोणाचं काही जात नाही. तरी दर शुक्रवारी साहेब घड्याळाकडे बघतो. तिथेच चार जण दिवसातून पाचदा खाली तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला जातात, ते कोणी मोजत नाही. मी एकदा गमतीने म्हणालो, साहेब, मी खर्रा खायला जातो असं लिहा.

आता दुसरी बाजू. त्याच कंपनीने रमजानमध्ये इफ्तार ठेवली. मोठा शामियाना नाही, पण बॅनर होतं, नगरसेवक होते, खजूर होते. रोजा सोडायची वेळ झाली, अजान झाली, आणि फोटोसाठी थांबा म्हणाले. दिवसभर पाणी न प्यालेल्या माणसाला, थांबा! आमच्यातलेच दोन पुढारी टोपी घालून थांबले. दोघांचाही रोजा नव्हता, मला माहीत आहे. त्या रात्री लोडिंगच्या पोरांना तरावीहच्या नमाजेसाठी सोडलं का? नाही, ट्रक उभा होता.

माझे अब्बा पॉवरलूमवर होते, बारा तासांची पाळी. ताजबागच्या दर्ग्याला दर गुरुवारी जायचे, चादर कधी चढवली नाही, पैसेच नव्हते. बाहेर बसलेल्यांबरोबर चहा प्यायचे आणि यायचे. ताजुद्दीन बाबांना लोकांनी वेडा ठरवून पागलखान्यात ठेवलं होतं, तिथून रघुजीराव भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याला नेलं. मुसलमान फकीर आणि मराठा राजा. त्या वेळी फोटोवाला नव्हता तरी झालं.


जय_विदर्भ_९९ | शुक्रवार, रात्री १०.४१

दरवेळी हिंदू सणांवरच धागे का निघतात???


तर्री_पोहे | शुक्रवार, रात्री १०.४३

वरचा प्रतिसाद वाचून मग लिहा भाऊ. इफ्तारवर अख्खा परिच्छेद आहे, दीक्षाभूमीवर त्याहून मोठा.


मेडिकल_चौक | शनिवार, पहाटे ५.५०

ड्युटी संपवून लिहितेय, शब्द इकडेतिकडे झाले तर चालवून घ्या.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा एकत्र अभ्यास २०२१ मध्ये आला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यू त्यांनी लांब कामाच्या तासांशी जोडले. हे मी पेशंटना सांगत नाही. चाळिशीतल्या माणसाला 'काम कमी करा' म्हटलं की तो हसतो, आणि ते हसू मला ओळखीचं आहे, कारण निवासी डॉक्टर सलग छत्तीस तास उभे असतात.

धर्माशी याचा संबंध असा की हल्ली कंपन्या रजेऐवजी ध्यान देतात. शनिवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवून. माझ्या एका पेशंटला झोप येत नव्हती, त्याच्या मॅनेजरने त्याला पहाटे साडेपाचच्या प्राणायाम ग्रुपमध्ये घातलं. शिफ्ट रात्री एकला संपते. मी प्रिस्क्रिप्शनवर लिहिलं: प्राणायाम बंद, झोप चालू. त्याने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला म्हणे.

प्राणायामाला नावं ठेवत नाहीये. माझी आजी नव्वदीपर्यंत करायची. पण तिला साडेपाचला कोणी हजेरी लावायला सांगत नव्हतं, आणि ती नऊला झोपायची.


हेल्मेटवाला | शनिवार, दुपारी ३.३०

मी डिलिव्हरी करतो, अ‍ॅपचं नाव नको. आमच्याकडे आरती नाही, एचआर नाही, लॉबीच नाही. सणाच्या दिवशी उलट असतं, इन्सेन्टिव्ह वाढतो. म्हणजे सुट्टी घेतलीत तर त्याच दिवशी सगळ्यात जास्त पैसे बुडतात. गणपतीच्या दहा दिवसांत मी घरच्या गणपतीला एकदाच भेटलो, तेही विसर्जनाला, तलावाच्या अलीकडे गाडी लावून.

रोज रात्री सीताबर्डीवरून जातो तेव्हा टेकडीच्या गणपतीसमोर गाडी थांबवतो. वर जात नाही, वेळ नसतो. हेल्मेट काढत नाही, इंजिन बंद करत नाही, रस्त्यावरूनच हात जोडतो. एकदा ग्राहकाचा फोन आला, भाऊ तुमची गाडी मॅपवर थांबली का आहे? म्हटलं सिग्नल आहे. देवासमोर खोटं बोललो, पण देवाला रेटिंग द्यायचं नसतं, ग्राहकाला असतं.

इथले लोक चार सुट्ट्यांसाठी भांडतायत, भांडा, बरोबर आहे. आमच्यासारख्याला सुट्टी मागायला समोर माणूसच नाही. कोणाला अर्ज करू?


बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट | शनिवार, दुपारी ४.१०

हेल्मेटवाल्या भाऊ, पुढच्या मारबतीले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत, आपण एक बडग्या, म्हंजे पुतळा, काढू. पोट भरलेला साहेब, एका हातात कापूर अन् दुसऱ्या हातात पंचिंग मशीन. महाल भागातून नेऊ मस्त. ओव्हरटाइमले घेऊन जा गे मारबत!


कामठी_रोड_वकील | शनिवार, सायंकाळी ७.००

थोडं कायद्याचं, कारण कोणीच लिहिलं नाही.

खापरीभाऊ, तुमच्यासारख्या ऑफिसला महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ लागतो, वीस किंवा जास्त कामगार असले तर (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा). त्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या हे मालक आणि कामगार यांनी मिळून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायचं आहे. मिळून! एचआरने डिसेंबरात यादी मेल करायची आणि तुम्ही 'नोटेड' म्हणायचं, असं कायद्यात नाही. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली रजा. जादा तासांचा मोबदलाही दुपटीने. आरतीचा अर्धा तास भरून घेणं, तेही सक्तीची हजेरी लावून, हा माझ्या मते सरळ कामाचाच वेळ आहे.

एक मेख आहे. व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाचं काम करणारे या कायद्यातून वगळलेले आहेत. म्हणून दोन वर्षांच्या अनुभवावर पोरांना 'असिस्टंट मॅनेजर' करतात. कार्ड छान दिसतं, ओव्हरटाइम जातो. पण नुसत्या पदनामाने काही होत नाही, काम काय करता ते बघितलं जातं. हाताखाली कोणी नसेल, रजा मंजूर करायचा अधिकार नसेल, तर काय कपाळाचे मॅनेजर?

बुटीबोरीसाठी: ते बारा तास झाले तरी आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे, आणि पुढचे तास दुप्पट दराने, कामगाराच्या लेखी संमतीने. तुमच्याकडून सही घेतली होती का? कोऱ्या कागदावर नाही ना?

हेल्मेटवाल्यांना यातलं काहीच लागत नाही, कारण कागदावर ते कामगार नसून 'पार्टनर' आहेत. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.


बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट | शनिवार, सायंकाळी ७.१२

कोराच होता बावा.


हिंगणा_लेथ | शनिवार, रात्री ८.३०

वकीलसाहेब, माझी शेड म्हणजे ऑफिस नाही, तरी चार सणांचं मला आवडलं. माझ्याकडे अकरा जण हिंदू, तीन बौद्ध, दोन मुसलमान. आजवर यादी मीच काढत होतो, वडिलांची होती तीच. सोमवारी सगळ्यांना बसवून विचारतो. डिस्पॅचवाल्यांना डिसेंबरातच तारखा कळवून टाकीन, मग दंड कसा लावतात बघू. लावतीलच, पण निदान पत्र असेल हातात.


खापरी_नाका | शनिवार, रात्री ११.५५

वकील साहेब, धन्यवाद. माझ्या कार्डावर 'असोसिएट' आहे, म्हणजे अजून वाचलोय. टीममधल्या सोळा जणांशी बोललो, अकरा जण सही करायला तयार आहेत, दोघं म्हणाले अप्रेझलनंतर. चार सण मागायचं पत्र डिसेंबरच्या आधी देतोय. गार्डकाकांचं त्यात बसत नाही, ते ठेकेदाराचे. पण आठवड्याच्या सुट्टीचं त्यांचं वेगळं पत्र मी लिहून देणार आहे. ते म्हणाले, माझं नाव टाकू नका, आरती म्हणायला पाहिजे तर पुन्हा येतो.

यादीत काय काय घालू? सगळ्यांनी आपापलं लिहा.


बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट | रविवार, सकाळी ७.४०

पोळा. दुसरं काई नाई.


मोमिनपुरा_लूम | रविवार, सकाळी ९.१५

ईद. चंद्र कोणत्या दिवशी दिसेल त्याची हमी देऊ शकत नाही, तेवढं एचआरला समजवा.


रिझर्व्ह_बँक_चौक | रविवार, सकाळी ९.५०

१४ एप्रिल. दसरा बहुतेकांना असतोच, त्यामुळे धम्मदीक्षेचा कार्यक्रम त्यात निभावतो. पण १४ ऑक्टोबर वेगळा मिळाला तर नको म्हणणार नाही.


जुनी_इतवारी | रविवार, सकाळी १०.३०

मी निवृत्त आहे, मला रोजच सुट्टी. महालक्ष्मीचा जेवणाचा दिवस घाला, धाग्याची सुरुवात त्यानेच झाली.


धरमपेठची_सून | रविवार, दुपारी १२.०५

जेवणाचा नको. जेवणाच्या दुसऱ्या दिवसाची द्या. आदल्या दिवशी काम करायला सगळ्या बायका कुठून ना कुठून रजा काढतातच. पाठ धरते ती दुसऱ्या दिवशी.